तेच गाणं रोज वाजवायचं कसं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं : वाद्यवृंद, बँड आणि गायक

लग्नसराई संपता संपता आलेल्या पत्रांमध्ये एक तक्रार सगळ्यात जास्त होती. ठरावीक पाच-दहा गाणी रोज वाजवून वादक-गायक कंटाळले आहेत, आणि ती गाणी सोडताही येत नाहीत. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत.

आमचा नऊ जणांचा वाद्यवृंद आहे. हळद, संगीत, वाढदिवस, गणपतीतले कार्यक्रम करतो. ‘झिंगाट’ एका संध्याकाळी तीन-तीनदा वाजवावं लागतं. बोटं आपोआप चालतात, मन भलतीकडे असतं. सुपारी घेतानाच ‘हे गाणं वाजवणार नाही’ असं सांगावं का?
— की-बोर्डवादक, नाशिक

तसं सांगू नका. अजय-अतुल यांचं हे गाणं ‘सैराट’मधून 2016 साली आलं. तेव्हापासून तुम्ही ते शेकडो वेळा वाजवलं असेल, पण समोर बसलेल्या नवरीच्या आत्याने ते तुमच्याकडून एकदाही ऐकलेलं नाही. ती ज्या क्षणासाठी साडीचा पदर खोचून बसली आहे, तो क्षण तिला मिळालाच पाहिजे. तिसऱ्यांदा वाजवणं मात्र नक्की टाळता येतं, आणि त्याची तयारी सुपारीच्या कागदापासून होते.

कागदावर एक ओळ घाला : ‘कोणतंही गाणं एका कार्यक्रमात एकदा पूर्ण आणि एकदा छोट्या रूपात वाजवलं जाईल.’ यजमानाची सही घेताना ही ओळ त्याला वाचून दाखवा. पुढचं काम निवेदकाचं. कार्यक्रम सात ते दहा असेल तर साडेसातलाच जाहीर करा, ‘झिंगाट पावणेनऊला आहे, लहान मुलांनी तेव्हा मंचाजवळ यायचं.’ वेळ कळली की चिठ्ठ्या थांबतात. गाणं येईल की नाही याची खात्री नसते, म्हणूनच लोक पुन्हा पुन्हा मागत राहतात.

पूर्ण रूप पावणेनऊला का? त्या सुमारास जेवणाची पहिली पंगत उठलेली असते आणि गर्दी मंचाकडे सरकते. साडेसातला वाजवलंत तर निम्म्या पाहुण्यांना ते मिळत नाही आणि तेच लोक साडेनऊला मागायला येतात. छोटं रूप पावणेदहानंतर घ्या. खुल्या जागेत ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो (सरकारने जाहीर केलेल्या सवलतीच्या दिवसांना बारापर्यंत मुभा असते), त्यामुळे शेवटच्या पंधरा मिनिटांत फर्माइशी एकदम अंगावर येतात. त्या वेळी की-बोर्ड, गिटार, बेस सगळं थांबवा. फक्त ढोलकी, हलगी आणि प्रेक्षकांचं गाणं. मुखडा दोनदा, दीड मिनिटात समाप्ती. लोकांना स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि हे रूप पूर्ण गाण्यापेक्षा जास्त लक्षात राहतं.

आता तुमच्या कंटाळ्याकडे येऊ. अशा गाण्यांत सगळ्यात आधी बिघडते ती लय. नाच सुरू झाला की ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवणारा) नकळत पुढे सरकतो. मिनिटाला आठ-दहा मात्रा वाढल्या की गायकाला शब्दांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा उरत नाही, शब्द चावले जातात, आणि गाणं गोंगाट होऊन जातं. थकव्याचा मोठा भाग या गोंगाटाचा असतो. मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर मोबाइलवरच्या मेट्रोनोमवर (लय मोजणाऱ्या ॲपवर) टिचक्या मारून लयीचा आकडा काढा, यादीत गाण्याशेजारी लिहा आणि ऑक्टोपॅडवाल्याच्या कानात क्लिक (लयीचा टिकटिक आवाज) द्या. नुसतं एवढं केलं तरी पहिल्याच कार्यक्रमात फरक ऐकू येईल.

दुसरं म्हणजे, हलगी पॅचवर (वाद्यात साठवलेल्या तयार आवाजावर) काढू नका, खरी हलगी घ्या. कातडी हलगी दमट हवेत सैल पडते, म्हणून गाण्याआधी दहा मिनिटं ती शेकावी लागते. मंगल कार्यालयात जाळ करता येत नसेल तर फायबरच्या पानाची हलगी ठेवा. तिचा आवाज थोडा कोरडा असतो, पण उतरत नाही. माइक साधा डायनॅमिक, हलगीच्या मागच्या बाजूने वीतभर अंतरावर. समोरून लावला तर काडीचा नुसता कडकडाट येतो आणि घुमारा हरवतो.

आणि महिन्यातून एकदा भाग बदला. तुम्ही डाव्या हाताचा बेस बेसवाल्याकडे सोपवून नुसते म्युझिक पीस (ओळींमधले वाद्यांचे तुकडे) वाजवा, पुढच्या महिन्यात फक्त कॉर्ड धरा आणि पीस गिटारवर जाऊ द्या. सवयीने चालणारी बोटं नव्या भागावर आली की लक्ष द्यावंच लागतं.

मेडलीत (सलग जोडलेल्या गाण्यांच्या माळेत) हे गाणं जोडायचं असेल तर तीन पथ्यं पाळा. शेजारच्या गाण्याशी लयीचा फरक चार-पाच मात्रांपेक्षा जास्त नको. पट्टी बदलताना वर चढा, खाली उतरू नका, कारण उतरलं की नाच मंदावतो. आणि दोन गाण्यांच्या मध्ये चार आवर्तनं नुसता ठेका ठेवा, म्हणजे कान जुनी पट्टी विसरतो आणि गायकाला नवा सा शोधायला वेळ मिळतो. मेडली कोसळते ती बहुतेक वेळा याच जोडावर.

मी हॉटेलांत आणि छोट्या मैफलींत जुनी गाणी गाते. ‘लग जा गले’ शिवाय एकही संध्याकाळ जात नाही. मूळ पट्टीत गाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गळा बसतो. गाणं आवडतं, पण आता त्याची भीती वाटते.
— गायिका, ठाणे

मूळ पट्टी सोडा. पहिला आणि मुख्य उपाय हाच. लता मंगेशकरांनी 1964 च्या ‘वह कौन थी?’साठी मदन मोहन यांची ही चाल ज्या पट्टीत गायली ती त्यांच्या गळ्याची पट्टी होती. तुमच्या गळ्याची पट्टी कागदावर ठरत नाही आणि सकाळच्या रियाजातही ठरत नाही, कारण तेव्हा गळा ताजा असतो. रात्री कार्यक्रम संपल्यावर, दमलेल्या गळ्याने, अंतऱ्यातली सर्वांत उंच ओळ हलक्या आवाजात लागोपाठ पाच वेळा म्हणा. तिसऱ्या वेळेला मान ताणली गेली किंवा आवाजात हवा आली तर अर्धा स्वर खाली या, पुन्हा पाच वेळा. पाचही सहज होतील तिथे थांबा. मग मुखड्यातला सर्वांत खालचा स्वर तपासा. तो पुटपुटल्यासारखा यायला लागला तर फार उतरलात, अर्धा स्वर वर जा. या दोन टोकांच्या मध्ये जी पट्टी सापडेल ती डायरीत लिहा, हार्मोनियमची काळी चार असो की पांढरी पाच, आणि साथीदारांना तीच सांगा. ‘आज थोडं वर घेऊ या’ या आग्रहाला मान देऊ नका.

ट्रॅकवर (आधीच मुद्रित केलेल्या साथीवर) गात असाल तर एक अडचण येईल. तयार ट्रॅक सॉफ्टवेअरने दोन-तीन अर्ध्या स्वरांपेक्षा जास्त उतरवला की व्हायोलिन रबरासारखी वाजायला लागतात. तेवढं उतरायचं असेल तर ट्रॅक नव्याने करून घ्या, नाहीतर नुसत्या गिटारवर गा. या चालीला एक गिटार पुरते.

गळा बसण्याचं दुसरं कारण मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा मंचावरचा स्पीकर. हे गाणं हळू आवाजात, लांब धरलेल्या स्वरांचं आहे. हळू आवाजात उंच स्वर धरायला मोकळ्या आवाजापेक्षा श्वासावर जास्त ताबा लागतो. त्यात स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की आपण न कळत जोर लावतो, आणि नुकसान त्या जोराने होतं. मॉनिटरमध्ये फक्त तुमचा आवाज आणि एक सुरेल वाद्य मागा, ठेका अजिबात नको. माइक ओठांपासून दोन बोटांवर ठेवा. इतक्या जवळ खर्ज फुगतो, म्हणून ध्वनिसंयोजकाला शंभर हर्ट्झच्या खालचा भाग कापायला सांगा.

यादीत हे गाणं तिसरं किंवा चौथं ठेवा. गळा तोवर तापलेला असतो, दमलेला नसतो. शेवटी ठेवायचा मोह प्रत्येक हॉटेलमालकाला होतो. त्याला सांगा की शेवटी त्याच चालीचा एक मुखडा नुसता गुणगुणून दाखवीन. आणि कंटाळा घालवायला मुरक्या वाढवू नका. पहाडीच्या अंगाने जाणारी ही सरळ, मोकळी चाल आहे, जास्तीच्या तानांनी ती जड होते. बदल करायचाच तर शब्दांच्या बाहेर करा : अंतऱ्यांमधला पीस आज बासरीवर, उद्या गिटारच्या एका तारेवर, परवा नुसत्या ‘आ’कारात. आठवड्यात एक दिवस हे गाणं सहगायिकेकडे सोपवा. मोकळा दिवस मिळाला की गाण्याची ओढ परत येते, हे बऱ्याच गायकांच्या बाबतीत दिसतं.

मुलाच्या लग्नात संगीतासाठी वाद्यवृंद ठरवला आहे. आमची चाळीस गाण्यांची यादी त्यांना पाठवली तर ते नाराज झाले. आमचं काही चुकलं का?
— वरपिता, कोल्हापूर

चाळीस गाणी तीन तासांत बसतच नाहीत. निवेदन, नाच, नवरा-नवरीचा प्रवेश धरला तर पूर्ण गाणी वीस-बावीस होतात. ‘हवीच’ अशी सहा गाणी सांगा, ‘अजिबात नकोत’ अशी तीन सांगा, बाकी त्यांच्यावर सोडा. सहापैकी एखादं अनवट असेल तर निदान दहा दिवस आधी कळवा आणि कोणतं ध्वनिमुद्रण अपेक्षित आहे ते ऐकवा. वादकांनाही वाजवावंसं वाटणारं एखादं गाणं त्यांना आवर्जून विचारा, ते बहुधा रात्रीतलं सर्वांत छान वाजलेलं गाणं ठरेल.

समुद्रकिनाऱ्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये आमचं त्रिकूट वाजवतं : गिटार, की-बोर्ड, काहोन (हाताने वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य). पर्यटक रोज ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ मागतात. एका गिटारवर शेवटचा सोलो पोकळ वाटतो. हार्मोनायझर पेडल (वाजवलेल्या स्वराला दुसरा स्वर जोडणारं) घेतलं, पण दोन ठिकाणी बेसूर होतं. पेडल खराब आहे का?
— गिटारवादक, काणकोण, गोवा

पेडल ठीक आहे, गाण्याची सुरावट त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. गाणं बी मायनरमध्ये आहे आणि आठ कॉर्डांचं चक्र असं फिरतं : बी मायनर, एफ शार्प सेव्हन, ए, ई, जी, डी, ई मायनर, एफ शार्प सेव्हन. पेडलला ‘बी मायनर’ सांगितलं की ते त्या सप्तकातलेच स्वर जोडतं. बीला सा धरा. मायनर सप्तकात ध आणि नी कोमल. पण एफ शार्प सेव्हनमध्ये शुद्ध नी (ए शार्प) आहे आणि ई मेजरमध्ये शुद्ध ध (जी शार्प). पेडल तिथे कोमल स्वर लावतं आणि ते कॉर्डशी भांडतात. तुम्हाला बेसूर वाटणाऱ्या जागा याच.

उपाय दोन. पेडल फक्त बाकीच्या कॉर्डांवर चालू ठेवून या जागी पायाने बंद करा. हे कठीण आहे आणि चुकतं. त्यापेक्षा दुसरा आवाज की-बोर्डवाल्याला लिहून द्या. शेवटचा जोड-भाग म्हणजे प्रत्येक कॉर्डचे स्वर क्रमाने उतरत येतात. गिटारवर वरचा स्वर, की-बोर्डवर त्याच कॉर्डमधला लगेच खालचा स्वर. की-बोर्डच्या गिटार पॅचवर व्हायब्रेटो (स्वराचं कंपन) बंद ठेवा, नाहीतर दोन आवाज एकमेकांवरून घसरतात. आधी निम्म्या लयीत बसवा, शेजारी शेजारी बसून. मूळ गाण्यात ईगल्स बँडचे गिटारवादक डॉन फेल्डर आणि जो वॉल्श आळीपाळीने वाजवत येतात आणि मग एकत्र होतात. तुम्हीही पहिली फेरी गिटारला, दुसरी की-बोर्डला द्या, मगच जोडा. थेट जोडावर गेलं की तो भरणा जाणवत नाही.

सुरुवातीसाठी सातव्या घरात कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि ई मायनरच्या हातांनी वाजवा : ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी सेव्हन. मूळची बारा तारांची झळाळी याच जागी मिळते. कॅपो बसवल्यावर पुन्हा सूर लावा. सातव्या घरात जाड तारा जास्त दाबल्या जातात आणि चढतात, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत गिटारचं लाकूडही दगा देतं.

रोजच्या कंटाळ्यावर मात्र आमचा आवडता तोडगा त्या बँडनेच दिलेला आहे. 1976 चं हे गाणं त्यांनी 1994 मध्ये पुन्हा मंचावर आणलं ते नायलॉन तारांच्या गिटारवर, लांब स्पॅनिश धाटणीच्या सुरुवातीने, हाताने वाजवायच्या तालवाद्यांसह. तुमच्याकडे काहोन आहेच. विद्युत गिटार बाजूला ठेवा, दीड मिनिटाची मोकळी सुरुवात रोज नवी रचा, मग ओळखीचं चक्र सुरू करा. चक्राचा पहिला कॉर्ड वाजला की जेवणारे हात थांबतात आणि माना वळतात. त्या क्षणापर्यंत कोणत्या वाटेने जायचं हे रोज तुमच्या हातात राहतं.

आम्ही कॉलेजचा बँड आहोत. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांची आमची रूपं कार्यक्रमात वाजवतो आणि यूट्यूबवरही टाकायची आहेत. परवानगी लागते का?
— विद्यार्थी, पुणे

दोन्ही गोष्टी वेगळ्या. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 मध्ये सूट आहे. तरी कार्यालयं-हॉटेलांमध्ये यावरून कोर्टकज्जे झालेले आहेत, म्हणून यजमानाने ठिकाणाशी आधी बोलून घ्यावं. तिकिटाच्या कार्यक्रमाला, हॉटेलला, क्लबला शब्द आणि चाल यांचा परवाना लागतो. तो बहुतेक वेळा आयपीआरएस या संस्थेकडून आयोजकाने घ्यायचा असतो. कागदावर तसं लिहून घ्या, म्हणजे नंतर बिल बँडच्या गळ्यात पडत नाही.

ध्वनिमुद्रण विकायचं असेल तर कलम 31-सी बघा. मूळ गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यापासून पाच वर्षं गेल्याशिवाय अशी आवृत्ती काढता येत नाही आणि गाण्यागणिक वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींचं मानधन आधी भरावं लागतं. लहान बँडला हे झेपत नाही. यूट्यूबवर टाकलं तर हक्कदार त्यावर दावा लावून जाहिरातीचं उत्पन्न घेऊ शकतो किंवा व्हिडिओ उतरवू शकतो. दुसऱ्याचा तयार कराओके ट्रॅक वापरलात तर त्या ट्रॅकवाल्याचा दावा वेगळाच येतो. स्वतः वाजवा.

‘जुनं गाणं म्हणजे मोकळं’ हा समज फार पसरलेला आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षांनी संपतो, पण शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. मदन मोहन 1975 साली गेले, म्हणजे त्यांच्या चाली 2035 च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहेत.

वडिलोपार्जित ब्रास बँड चालवतो. वरातीत ‘ये देश है वीर जवानों का’ आणि ‘आज मेरे यार की शादी है’ दर पंधरा मिनिटांनी होतात. शेवटी ‘बहारों फूल बरसाओ’ला ट्रंपेटचे वरचे स्वर फाटतात. पोरं म्हणतात, ही गाणी आता बास.
— बँडमास्तर, जळगाव

गाणी बास करून ओठ वाचणार नाहीत, वाटणी बदलली तर वाचतील. स्वर फाटतात कारण दीड तास चालत, धक्के खात वाजवताना मुखनळी ओठांवर दाबली जाते. दाबाने ओठातला रक्तप्रवाह अडतो, ओठ सुजतो आणि थरथरणं बंद होतं. वादकाच्या ओठावर गोल वळ उमटून राहिलेला दिसला की त्याला लगेच बाजूला घ्या, त्या रात्री वरचे स्वर देऊच नका.

1957 च्या ‘नया दौर’चं आणि 1977 च्या ‘आदमी सड़क का’चं, ही दोन्ही गाणी नाचाची आहेत. नाचणाऱ्यांना ठेका हवा असतो. ढोल-ताशावर आठ आवर्तनं, मग मुखडा क्लॅरिनेटवर, फक्त परतीच्या ओळीला सगळे ट्रंपेट. निम्मे ट्रंपेट वाजवत असताना निम्म्यांनी हात खाली सोडून चालायचं. वीस मिनिटं वादन, दहा मिनिटं विश्रांती असा पाळा ठेवा आणि विश्रांतीत वाद्यातलं पाणी काढून व्हॉल्व्हला तेलाचे दोन थेंब द्या. गार पाणी पिऊन लगेच वाजवू नका, ओठ आखडतात.

‘बहारों फूल बरसाओ’ची पट्टी तपासा. कॅसिओवाल्याच्या सोयीने पट्टी धरली की ट्रंपेटवाल्याला अडचणीची बोटं येतात. बी फ्लॅट ट्रंपेटला काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार या पट्ट्या सोयीच्या. त्यातली जी अंतऱ्याला सर्वांत कमी उंचीवर नेते ती घ्या आणि गायक नसेल तर खुशाल खाली उतरा, मांडवाच्या दारात कोणी पट्टी मोजत नाही. मुखडा युफोनियमला (जाड, खालच्या आवाजाच्या पितळी वाद्याला) द्या. नवरा घोड्यावरून उतरतो तेव्हा ती जाडसर, गोल सुरावट फार शोभते. ट्रंपेट अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीपासून, तेही जो गडी गेली वीस मिनिटं नुसता चालला आहे त्याचाच.